जिवाणूकडून वनस्पतीचं रसायन बनवून घेताना खरी अडचण कुठे येते?

वनस्पतीचं जनुक जिवाणूत बसवणं हे आता प्रयोगशाळेतलं रोजचं काम आहे. जनुकाचा क्रम संगणकावर जुळवायचा, तेवढा डीएनए तयार करून घ्यायचा, प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या वर्तुळात, जोडायचा आणि जिवाणूत घालायचा. काही आठवड्यांत जिवाणू ते प्रथिन बनवायला लागतो. तरीही २०११ मध्ये ई. कोलाय या जिवाणूत चार परकी एन्झाइमं बसवून ग्लुकोजपासून नॅरिंजेनिन हे वनस्पतीतलं संयुग बनवलं गेलं, तेव्हा एका लिटरमागे हाती आलं फक्त २९ मिलिग्रॅम. त्या हिशेबाने एक किलो नॅरिंजेनिनसाठी जवळजवळ साडेचौतीस हजार लिटर ब्रॉथ, म्हणजे जिवाणू वाढवलेला द्राव, लागेल. जनुकं चालली होती, एन्झाइमंही चालली होती. त्याच जिवाणूला सेरुलेनिन नावाचं एक औषध दिल्यावर आकडा ८४ मिलिग्रॅमवर गेला. हे औषध नॅरिंजेनिन बनवणाऱ्या एन्झाइमांना हातही लावत नाही. ते जिवाणूची चरबी बनवण्याची यंत्रणा अडवतं. मग उत्पादन तिपटीच्या आसपास का वाढलं? हे कळलं की या सगळ्या क्षेत्राचं मर्म कळतं, म्हणून नॅरिंजेनिनचंच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ.

आधी थोडक्यात, जिवाणू कशासाठी? वनस्पती ही संयुगं स्वतःच्या गरजेपुरती बनवतात: कीड, बुरशी, ऊन यांच्यापासून बचावासाठी. प्रमाण अत्यल्प असतं, ते ऋतूनुसार बदलतं आणि दिसायला सारख्या डझनभर संयुगांत मिसळलेलं असतं. रासायनिक पद्धतीने बनवायला जावं तर रेणूची डावी-उजवी ठेवण नेमकी साधणं कठीण जातं, एन्झाइम मात्र ती सहज साधतं. ई. कोलाय पोषक माध्यमात ३७ अंश सेल्सिअसला साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. त्याची जनुकं आपल्याला नीट ठाऊक आहेत आणि पोलादी टाकीत त्याला वाढवण्याचं तंत्र इन्सुलिनमुळे कधीच पक्कं झालं आहे. मोठे आकडेही गाठले गेले आहेत. मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनच्या वाटेवरचं अमॉर्फाडाइन हे संयुग २००९ मध्ये ई. कोलायने लिटरमागे २७ ग्रॅमपर्यंत बनवलं होतं. म्हणजे मिलिग्रॅमपासून ग्रॅमपर्यंतची वाट आहे. फक्त ती जनुकांची संख्या वाढवून सापडत नाही.

चार पायऱ्यांची वाट

फ्लॅव्होनॉइड कुळातल्या हजारो संयुगांची वाट नॅरिंजेनिनवरून जाते. फुलांचे लाल-निळे रंग असोत की क्वेर्सेटिन, बहुतेकांच्या आधी हा थांबा लागतो. म्हणून त्यावर एवढी मेहनत घेतली जाते.

सुरुवात टायरोसिनपासून होते. हे अमिनो आम्ल प्रत्येक पेशी प्रथिनांसाठी बनवतच असते. टायरोसिन अमोनिया लायेज हे पहिलं एन्झाइम त्यातला अमोनिया काढून पॅरा-कूमॅरिक आम्ल बनवतं. वनस्पती सहसा फेनिलअलॅनिनपासून निघतात, पण त्या वाटेवर पुढे सायटोक्रोम पी४५० जातीचं एन्झाइम लागतं आणि जिवाणूत ते चालवणं जिकिरीचं असतं. टायरोसिनपासून निघालं की ती पायरीच टळते. म्हणून हे पहिलं एन्झाइम बहुधा वनस्पतीतून न घेता रोडोटोरुला या यीस्टमधून किंवा एखाद्या जिवाणूतून घेतात.

दुसरं एन्झाइम, कूमॅरेट-कोए लायगेज, पॅरा-कूमॅरिक आम्लाला कोएन्झाइम ए (थोडक्यात कोए) हा वाहक रेणू जोडतं. या पायरीला एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्ची पडतं. जोडणी झाली की तो रेणू रासायनिक क्रियेला तयार होतो.

तिसरं चाल्कोन सिंथेज. सगळा खेळ या एन्झाइमाचा. ते कूमॅरॉइल-कोएचा एक रेणू पकडतं आणि त्याला मॅलोनिल-कोएचे तीन रेणू एकामागून एक जोडतं. प्रत्येक जोडणीत कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू बाहेर पडतो. नऊ कार्बनांत दोन-दोनची तीनदा भर पडते आणि पंधरा कार्बनांची साखळी तयार होते. मग ही साखळी एन्झाइमाच्या पोकळीतच वळते, तिचं वलय होतं आणि नॅरिंजेनिन चाल्कोन बाहेर येतं. चौथं एन्झाइम, चाल्कोन आयसोमरेज, दुसरं वलय बंद करतं. हे वलय पाण्यात आपोआपही बंद होतं, पण मग डावे आणि उजवे दोन्ही प्रकार मिसळून मिळतात. एन्झाइम असेल तर निसर्गात आढळणारा एकच प्रकार मिळतो.

इथे एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. द्राक्षातलं स्टिल्बीन सिंथेज हे एन्झाइम अगदी तेच चार रेणू घेतं, अगदी तशीच साखळी बनवतं, पण शेवटी ती निराळ्या जागी वळवतं. त्या वळणात कार्बन डायऑक्साइडचा आणखी एक रेणू निघून जातो आणि तयार होतं रेझव्हेराट्रॉल. नॅरिंजेनिनचा रेणूभार २७२, रेझव्हेराट्रॉलचा २२८. फरक ४४चा, म्हणजे नेमका एका कार्बन डायऑक्साइडचा. एक एन्झाइम बदललं की त्याच जिवाणूतून वेगळंच औषधी संयुग निघतं. किण्वनाच्या या पद्धतीची ताकद इथे दिसते: मागची तयारी एकदा नीट केली की पुढचे फाटे त्या मानाने स्वस्तात फोडता येतात.

पण चाल्कोन सिंथेज अतिशय संथ आहे. एन्झाइमाचा एक रेणू मिनिटाला बोटांवर मोजण्याइतकेच रेणू तयार करतो. त्यामुळे पेशीत ते भरपूर लागतं. शिवाय मॅलोनिल-कोए कमी पडलं की ते अर्धवट साखळी सोडून देतं. दोनच जोडण्यांनंतर सुटलेल्या साखळीचं बिसनोरयँगोनिन होतं. एचपीएलसीच्या (मिश्रणातली संयुगं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखावर ही नको असलेली संयुगं दिसायला लागली, तर एन्झाइम उपाशी आहे असं समजावं.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार

नॅरिंजेनिनच्या एका रेणूला मॅलोनिल-कोएचे तीन रेणू लागतात. ई. कोलायला मात्र मॅलोनिल-कोए जवळपास एकाच कामासाठी हवं असतं: पेशीच्या पडद्यासाठी मेदाम्लं बनवायला. म्हणून तो लागेल तेवढंच बनवतो आणि बनल्या क्षणी वापरून टाकतो. साठा असा राहतच नाही. आपण बसवलेलं एन्झाइम त्या चिमूटभर मालासाठी पेशीच्या स्वतःच्या एन्झाइमांशी झगडत असतं आणि पेशीची एन्झाइमं कैक पटींनी वेगवान असतात. सेरुलेनिन मेदाम्लांची साखळी लांबवणारी एन्झाइमं अडवतं. वापर थांबला की मॅलोनिल-कोए साठतं आणि ते चाल्कोन सिंथेजच्या वाट्याला येतं. हीच युक्ती वापरून २०११ मध्ये बाहेरून पॅरा-कूमॅरिक आम्ल दिलेल्या ई. कोलायकडून लिटरमागे २.३ ग्रॅम रेझव्हेराट्रॉल मिळवलं गेलं होतं.

मोठ्या टाकीत सेरुलेनिन ओतणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. ते महाग आहे आणि पेशीची वाढही मारतं. अडचण कुठे आहे हे शोधायला ते उत्तम, उत्पादनाला मात्र निरुपयोगी. मग उपाय काय? एक, अॅसिटिल-कोएपासून मॅलोनिल-कोए बनवणारं एन्झाइम वाढवायचं. ते चार घटकांचं आहे आणि त्याला बायोटिन हे जीवनसत्त्व लागतं. त्यामुळे नुसती चार जनुकं वाढवून भागत नाही, बायोटिन जोडणारं एन्झाइमही वाढवावं लागतं. हे विसरलं की प्रथिन भरपूर दिसतं पण काम करत नाही. दोन, रायझोबियममधून मॅलोनेट आत घेणारं आणि त्याला कोएन्झाइम ए जोडणारं अशी दोन जनुकं आणायची आणि माध्यमात मॅलोनेट द्यायचं. प्रयोगशाळेत हा उपाय छान चालतो. तीन, मेदाम्लांची जनुकं पूर्ण न काढता क्रिस्पर या नेमक्या जनुकावर नेम धरणाऱ्या पद्धतीने नुसती दाबून धरायची. पूर्ण काढली तर पेशी मरते, म्हणून दाब किती द्यायचा यातच कसब आहे. चौथा उपाय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. बॅसिलस सबटिलिसमध्ये फॅपआर नावाचं प्रथिन मॅलोनिल-कोएची पातळी ओळखतं. ते ई. कोलायमध्ये बसवलं की माल साठला तरच पुढची एन्झाइमं सुरू होतात आणि माल आटला की थांबतात. पेशीला उपाशी न मारता तिच्याकडून जास्तीचं काढून घेण्याचा हा मार्ग आहे.

टायरोसिनची बाजूही अशीच बांधलेली असते. टायरोसिन पुरेसं झालं की ते स्वतःच आपल्या वाटेवरची एन्झाइमं थांबवतं. म्हणून अॅरोजी आणि टायरए या दोन एन्झाइमांचे असे बदललेले प्रकार वापरतात, ज्यांना हा लगाम लागू पडत नाही. टायरआर हे दाबणारं प्रथिनही काढून टाकतात. आणखी मागे गेलं तर दिसतं की ई. कोलाय ग्लुकोज आत ओढून घेतानाच फॉस्फोइनॉलपायरुव्हेट खर्च करतो आणि टायरोसिनला नेमकं तेच हवं असतं. काही ठिकाणी ग्लुकोज आत घेण्याची ही पद्धतच बदलली जाते.

फ्लास्कमधली पहिली चाचणी

चार जनुकं दोन प्लाझ्मिडांवर वाटून बसवणं सोयीचं पडतं. दोन्हींचा आरंभबिंदू, म्हणजे प्लाझ्मिडाची प्रत बनायला जिथून सुरुवात होते तो भाग, वेगळ्या जातीचा असावा. तो एकच असेल तर दोन प्लाझ्मिडं एका पेशीत टिकत नाहीत. प्रतींची संख्याही पाहावी: पी१५ए जातीच्या प्लाझ्मिडाच्या पेशीत दहा-बारा प्रती असतात, पेट जातीच्या त्याहून बऱ्याच जास्त. जनुकांचे कोडॉन (एकेका अमिनो आम्लाचे तीन अक्षरी संकेत) ई. कोलायच्या सवयीप्रमाणे बदलून घ्यावेत. सगळ्यांत जोरदार प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा, सगळीकडे लावण्याचा मोह टाळावा. पेशीची सारी ताकद प्रथिनं बनवण्यात गेली, तर ती नीट घडी न पडता गोळा होऊन बसतात आणि कामाची राहत नाहीत.

माध्यम म्हणून एम९ हे क्षार आणि ग्लुकोजचं साधं माध्यम घ्यावं. एका लिटरला डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.८ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ३ ग्रॅम, मीठ अर्धा ग्रॅम आणि अमोनियम क्लोराइड १ ग्रॅम. हे १२१ अंशांवर निर्जंतुक करून गार झाल्यावर त्यात १ मोलर मॅग्नेशियम सल्फेट २ मिलिलिटर, १ मोलर कॅल्शियम क्लोराइड ०.१ मिलिलिटर आणि २० टक्के ग्लुकोज २५ मिलिलिटर घालावं. हे तिन्ही वेगवेगळे निर्जंतुक करायचे. मॅग्नेशियम फॉस्फेटबरोबर तापवलं तर पांढरा साका बसतो. ग्लुकोज क्षारांबरोबर तापवलं तर माध्यम तपकिरी होतं आणि जिवाणूची वाढ मंदावते. सूक्ष्म धातूंचं द्रावण विसरू नये.

२५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ५० मिलिलिटरच माध्यम घ्यावं. त्याहून जास्त भरलं तर हवा पुरत नाही. ३७ अंशांवर, मिनिटाला २०० ते २२० फेऱ्यांनी हलवत ठेवून ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजलेली पेशींची घनता ०.६ ते ०.८ झाली की आयपीटीजी हे जनुकं चालू करणारं रसायन ०.१ ते १ मिलिमोलर द्यावं आणि तापमान ३० किंवा २५ अंशांवर आणावं. थंडीत प्रथिनं सावकाश बनतात आणि त्यांची घडी नीट पडते. २४ ते ४८ तासांनी मोजमाप करायचं.

मोजताना नेहमी होणारी चूक अशी: नमुना फिरवून पेशी खाली बसवायच्या आणि फक्त वरचा द्राव तपासायचा. नॅरिंजेनिन पाण्यात फारसं विरघळत नाही, ते पेशींना चिकटून राहतं. वरचाच द्राव तपासला तर आकडा कमी येतो आणि चांगला जिवाणू नापास ठरतो. म्हणून पेशींसकट सगळा नमुना घ्यावा, त्यात तेवढंच मिथेनॉल घालून जोरात हलवावं, मग फिरवून गाळून एचपीएलसीवर द्यावं. सी१८ स्तंभ, आणि प्रकाशाची तरंगलांबी नॅरिंजेनिनसाठी २९० नॅनोमीटर, रेझव्हेराट्रॉलसाठी ३०६ आणि पॅरा-कूमॅरिक आम्लासाठी ३१०च्या आसपास. रिकामं प्लाझ्मिड असलेला जिवाणू प्रत्येक वेळी सोबत चालवायचा, कारण माध्यमातली कुठलीतरी गोष्ट नेमक्या त्याच वेळी बाहेर येणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

आकडा शून्य आला तर अंदाज बांधत बसू नये, चार फ्लास्क लावावेत. पहिला साधा. दुसऱ्यात पॅरा-कूमॅरिक आम्ल, लिटरमागे ०.३ ते ०.५ ग्रॅम. तिसऱ्यात त्यासोबत सेरुलेनिन. चौथा रिकाम्या प्लाझ्मिडाचा. दुसऱ्यात नॅरिंजेनिन दिसलं आणि पहिल्यात नाही, तर दोष टायरोसिनच्या बाजूला किंवा पहिल्या एन्झाइमात आहे. दुसऱ्यात आम्ल तसंच पडून राहिलं, पण तिसऱ्यात नॅरिंजेनिन वाढलं, तर मॅलोनिल-कोए अपुरं आहे. तिसऱ्यातही काही नाही, तर जेलवर प्रथिनं तपासावीत: दुसरं किंवा तिसरं एन्झाइम बनतच नसेल, किंवा गोळा होऊन बसलं असेल. पॅरा-कूमॅरिक आम्ल सढळ हाताने देऊ नये. प्रमाण वाढलं की ते जिवाणूलाच मारक ठरतं.

टाकीत गेल्यावर ऑक्सिजनचा प्रश्न

फ्लास्कमध्ये घनता फार वाढत नाही, म्हणून पुढचं काम फर्मेंटरमध्ये, म्हणजे हवा, खाद्य आणि तापमान नियंत्रित करता येणाऱ्या टाकीत. सगळं ग्लुकोज सुरुवातीलाच देता येत नाही. ग्लुकोज जास्त मिळालं की ई. कोलाय अधाशासारखं घेतो, पण जाळण्याची क्षमता संपली की उरलेलं अॅसिटेट म्हणून बाहेर टाकतो. ते काही ग्रॅमांवर गेलं की वाढ आणि उत्पादन दोन्ही खालावतात. वर अॅसिटेट म्हणजे वाया गेलेलं अॅसिटिल-कोए, ज्यापासून आपल्याला मॅलोनिल-कोए हवं होतं. नुकसान दोन्हीकडून.

म्हणून खाद्य थेंबाथेंबाने द्यायचं. एक लिटरच्या टाकीचा हिशेब पाहू. सुरुवातीला २५ ग्रॅम ग्लुकोज दिलं, तर ते संपेपर्यंत पेशींचं कोरडं वजन सुमारे १० ग्रॅम होतं, कारण एक ग्रॅम ग्लुकोजमागे साधारण ०.४ ग्रॅम पेशी तयार होतात. ग्लुकोज संपल्याची खूण स्पष्ट असते: पेशींचा श्वास मंदावतो, विरघळलेल्या ऑक्सिजनचा काटा एकदम वर उसळतो आणि पीएचही चढू लागतो. त्या क्षणी लिटरला ५०० ग्रॅम ग्लुकोज असलेलं खाद्य सुरू करायचं. ताशी ०.१२ या वेगाने वाढ हवी असेल, तर १० ग्रॅम पेशींना ताशी १० गुणिले ०.१२ भागिले ०.४, म्हणजे ३ ग्रॅम ग्लुकोज लागेल. म्हणजे ६ मिलिलिटर खाद्य. पावणेसहा तासांनी पेशी दुप्पट होतात, तेव्हा खाद्यही १२ मिलिलिटरवर गेलेलं असायला हवं. अंथरूण पाहून पाय पसरावे, तसं पेशी पाहून खाद्य वाढवायचं. पीएच ७च्या आसपास ठेवायला अमोनियाचं पाणी वापरावं. ते आम्लही मारतं आणि नायट्रोजनही पुरवतं.

आता घोडं पेंड खातं ते ऑक्सिजनपाशी. ताशी १२ मिलिलिटर खाद्याच्या वेळी पेशींना लिटरमागे ताशी सुमारे १०० मिलिमोल, म्हणजे ३.२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. या तापमानाला हवेतून पाण्यात विरघळतो लिटरमागे ७ मिलिग्रॅम. भागाकार केला तर दिसतं की विरघळलेला सगळा ऑक्सिजन आठ सेकंदांत संपतो! पंखा थांबला किंवा हवेची नळी क्षणभर दबली, तर श्वास कोंडायला एवढाच वेळ. म्हणून विरघळलेला ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाहीत. तो राखण्यासाठी आधी पंख्याची गती, मग हवा आणि शेवटी शुद्ध ऑक्सिजन वाढवतात. हवा वाढली की फेस येतो. फेस बाहेर जाणाऱ्या हवेच्या गाळणीपर्यंत चढला की ती भिजते, टाकीतला दाब वाढतो आणि निर्जंतुकपणा धोक्यात येतो. फेसनाशक घालावं, पण थेंबानेच. जास्त झालं तर बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि ऑक्सिजन विरघळणंच कमी होतं.

उष्णतेचाही हिशेब मांडावा लागतो. ऑक्सिजनचा एक मोल वापरला की सुमारे ४६० किलोजूल उष्णता निघते. ताशी १०० मिलिमोलला लिटरमागे ४६ किलोजूल. एक लिटरला हे काहीच नाही, पण दहा हजार लिटरच्या टाकीत ती सुमारे १२८ किलोवॅट होते आणि टाकी मोठी होताना थंड करायचा पृष्ठभाग मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. बऱ्याच मोठ्या टाक्यांत वाढीचा वेग ऑक्सिजन आणि गारवा ठरवतात, जिवाणू ठरवत नाही. शिवाय अशा टाकीत खाद्य सगळीकडे पसरायला बराच वेळ लागतो. खाद्याच्या नळीपाशी पेशी अॅसिटेट बनवत असतात, तर दूरच्या कोपऱ्यात उपाशी असतात. प्रयोगशाळेतला आकडा टाकीत न येण्याचं हे एक नेहमीचं कारण.

टर्पिनांच्या, म्हणजे अमॉर्फाडाइन ज्या कुळातलं आहे त्या संयुगांच्या, बाबतीत आणखी एक गोष्ट. अमॉर्फाडाइन उडून जाणारं आहे. टाकीतून जाणाऱ्या हवेबरोबर ते बाहेर जातं आणि उत्पादन आहे त्याहून कमी दिसतं. माध्यमावर १० ते २० टक्के डोडेकेन या तेलकट द्रवाचा थर दिला की ते त्यात विरघळून राहतं आणि वेगळं काढणंही सोपं होतं.

जास्त म्हणजे चांगलं, असं नाही

वाटेतली एक पायरी वेगवान आणि पुढची मंद असली की मधला माल तुंबतो, आणि तुंबलेला माल विष होऊ शकतो. टर्पिनांचा कच्चा माल बनवणारी यीस्टची मेव्हॅलोनेट वाट ई. कोलायमध्ये बसवली तेव्हा असंच झालं. वाटेतलं एचएमजी-कोए साठलं आणि जिवाणूची वाढ थांबली. पुढचं एन्झाइम वाढवून तो साठा उपसला, तेव्हा वाढ पूर्ववत झाली. कर्करोगावरच्या टॅक्सॉल या औषधाच्या वाटेवरच्या टॅक्साडाइनचं २०१०चं काम या बाबतीत वाचण्यासारखं आहे. संशोधकांनी वाट दोन भागांत तोडली, दोन्ही भागांचा जोर वेगवेगळ्या प्रमाणात ठेवून बरेच जिवाणू बनवले आणि मोजले. सर्वांत चांगला जिवाणू सर्वांत जोरदार जनुकांचा नव्हता. दोन्ही भाग जुळलेल्या जिवाणूने लिटरमागे सुमारे एक ग्रॅम टॅक्साडाइन दिलं, मूळच्या पंधरा हजार पट.

पण त्याच्याच पुढची पायरी पी४५० एन्झाइमाची होती आणि तिथे एका ग्रॅमचे ५८ मिलिग्रॅम झाले. ही एन्झाइमं वनस्पतीत पेशीच्या आतल्या पडद्यात रुतून बसतात. ई. कोलायमध्ये तसा पडदाच नाही. शिवाय त्यांना इलेक्ट्रॉन पुरवणारं जोडीदार प्रथिन लागतं आणि हीम हा लोह असलेला रेणू लागतो. म्हणून एन्झाइमाचं पडद्यात रुतणारं टोक कापतात किंवा बदलतात, जोडीदार प्रथिन जवळ जोडून देतात, हीमसाठी डेल्टा-अमिनोलेव्हुलिनिक आम्ल माध्यमात घालतात आणि तापमान आणखी खाली आणतात. एवढं करूनही वाटेत अशा तीन-चार पायऱ्या असतील, तर यीस्टकडे वळावं असं माझं स्पष्ट मत आहे. मधला मार्गही आहे. २०१५ मध्ये ई. कोलाय आणि यीस्ट एकाच टाकीत वाढवले गेले. ई. कोलाय झायलोज खाऊन टॅक्साडाइन बनवायचा आणि अॅसिटेट सोडायचा, यीस्ट ते अॅसिटेट खाऊन वाढायचं आणि टॅक्साडाइनला ऑक्सिजन जोडायचं. एकाची घाण दुसऱ्याचं अन्न ठरली, म्हणून दोघं सोबत टिकले.

आळशी पेशींची गर्दी

जिवाणूला नॅरिंजेनिनचा काहीच उपयोग नाही. ते बनवणारी पेशी हळू वाढते. उत्परिवर्तनाने ज्या पेशीतलं आपलं जनुक बिघडतं, ती मोकळी होऊन वेगाने वाढते. समजा काम करणारी पेशी ९० मिनिटांत दुप्पट होते आणि बिघडलेली ६० मिनिटांत. शीतपेटीतल्या कुपीत अब्जभर पेशी असतात. तिथून दहा हजार लिटरची टाकी दाट भरेपर्यंत त्यांना सुमारे ३० वेळा दुप्पट व्हावं लागतं, म्हणजे ४५ तास. तेवढ्या वेळात बिघडलेली पेशी ४५ वेळा दुप्पट होते, म्हणजे १५ दुपटींनी पुढे, बत्तीस हजार पटींहून जास्त. सुरुवातीला लाखात एकच पेशी बिघडलेली असली, तरी शेवटी टाकीतली चौथाई गर्दी तिची असते.

म्हणूनच वाढीचा आणि उत्पादनाचा टप्पा वेगळा ठेवतात: आधी जनुकं बंद ठेवून पेशी वाढवायच्या, मग ती चालू करायची. मोठ्या टाकीत आयपीटीजी परवडत नाही, तिथे फॉस्फेट संपल्यावर किंवा तापमान बदलल्यावर चालू होणारे प्रमोटर वापरतात. प्लाझ्मिड टिकावं म्हणून प्रतिजैविक घालताना अॅम्पिसिलिनवर भिस्त ठेवू नये. प्रतिकार करणाऱ्या पेशींचं एन्झाइम बाहेर पडून काही तासांत ते तोडून टाकतं आणि त्यानंतर प्लाझ्मिड सोडून दिलेल्या पेशीही सुखाने वाढतात. पक्कं उत्पादन हवं असेल तर जनुकं थेट गुणसूत्रात बसवावीत. प्रती कमी होतात, पण सहजासहजी गळत नाहीत. १५ ते २५ टक्के ग्लिसरॉलमधल्या मूळ कुप्या उणे ८० अंशांवर ठेवाव्यात आणि प्रत्येक खेप नव्या कुपीतून सुरू करावी. आधीच्या खेपेतला उरलेला ब्रॉथ पुढच्या खेपेला विरजण म्हणून कधीही वापरू नये.

खेप संपल्यावर ब्रॉथ १२१ अंशांवर मारण्याआधी थोडा नमुना बाजूला काढावा. तो पातळ करून प्रतिजैविक नसलेल्या प्लेटवर पसरावा. दुसऱ्या दिवशी शंभर वसाहती उचलून प्रतिजैविकाच्या प्लेटवर लावाव्यात. किती उगवल्या, ते प्लाझ्मिड टिकल्याचं प्रमाण. पण जनुक बिघडलं आणि प्रतिकार शाबूत राहिला, तर ही चाचणी फसते. म्हणून त्यातल्या वीस वसाहती वेगळ्या नळ्यांत वाढवून प्रत्येकीचं नॅरिंजेनिन मोजावं. विसांपैकी पंधरा बनवत असतील आणि पाच मुळीच बनवत नसतील, तर पुढच्या खेपेत खाद्य किंवा हवा बदलून काही साधणार नाही. आधी जिवाणू बदलावा लागेल.